खात्यावरून नाव कमी : वर्धा नदीकाठच्या एका कुटुंबाने पंथ सोडला, त्याचा प्रकरण अभ्यास

नावं बदललेली आहेत. ओळख पटू नये म्हणून वयं, रकमा आणि काही नाती सरकवली आहेत, काही तपशील तशाच दुसऱ्या घरांमधून जुळवले आहेत. पंथाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. कोणत्या देवाची पूजा होते हा इथे प्रश्न नाही. घरातलं कोण कधी उठतं, काय खातं, कोणतं औषध घेतं आणि कोणाशी बोलतं हे बाहेरचा माणूस ठरवू लागला की काय होतं, आणि त्यातून कसं निघता येतं, एवढाच विषय आहे.

पार्श्वभूमी

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमेवर, वर्धा नदीजवळचं दीड-दोनशे घरांचं गाव. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. गावातली चाळीसेक घरं पंथाची. त्यातलं एक देवरावचं (४१). बायको सुनंदा (३४), मुलगी पायल (११), मुलगा ओम (७) आणि देवरावचे वडील. थोरला भाऊ आणि वहिनी शेजारच्या अंगणात, तेही पंथातच. जमीन साडेपाच एकर. चार एकर वडिलांच्या नावे, दीड देवरावच्या.

वडील वीसेक वर्षांपूर्वी पंथात आले ते दारू सोडण्यासाठी. दारू खरंच सुटली. हे आधी मान्य केलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. ज्या घराला मठाने एकदा बुडताना हात दिला, त्या घराला ‘तुम्ही फसलात’ असं बाहेरून सांगणं म्हणजे त्या म्हाताऱ्याची वीस वर्षं खोटी ठरवणं. देवरावच्या मामेभावाने नेमकं तेच दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा कुटुंब मठाला आणखी चिकटलं.

नेम असे होते : पहाटे चारला थंड पाण्याने अंघोळ, साडेचारला हजेरी. आठ वर्षांवरच्या प्रत्येकाला आठवड्यातून एक निर्जळ उपवास. पिकाचा दहावा हिस्सा. हंगामात आठवड्याला दीड दिवस मठाच्या वावरात बिनपैशाची सेवा. बाहेरच्या लग्नात जायचं, पण जेवायचं नाही. औषध घ्यायचं तर गावच्या प्रमुखाला विचारून.

दहाव्या हिश्श्याचा हिशेब वरवर साधा दिसतो. २० क्विंटल कापूस झाला तर २ क्विंटल मठाला. पण हिस्सा एकूण मालावर होता, नफ्यावर नाही. बियाणं, खत, निंदण, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा करून हाती जे उरायचं, त्याच्या तुलनेत तो चौथ्या भागाजवळ जायचा. शिवाय हंगामातले दीड दिवस म्हणजे घरच्या वेचणीला तेवढी माणसं कमी.

खरी पकड मात्र दुसरीकडे होती. दर रविवारी प्रत्येकाने ‘चूकवही’त आठवड्यातल्या चुका लिहायच्या, आणि दुसऱ्याची चूक माहीत असून लिहिली नाही तर ती आपली चूक. अशा वहीत कोणी वाईट हेतूने चुगली करत नाही. चांगल्या मनाची मैत्रीणसुद्धा पाप नको म्हणून लिहिते. जूनमध्ये बियाणं-खत मठाच्या भांडारातून खात्यावर मिळायचं. ट्रॅक्टर आणि फवारणीचा पंप पंथातल्याच माणसांचे. आधार, रेशनकार्ड, सातबाऱ्याच्या नकला ‘जपून ठेवायला’ मठाच्या कपाटात. देवरावच्या बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मठाच्या एका सेवकाचा, कारण खातं त्यानेच उघडून दिलं होतं. आणि शेवटचा धाक मयतीचा. पंथ सोडलेल्याच्या दारी खांदा द्यायला कोणी जात नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण गावाने एकदा पाहिलं होतं.

शंका कुठून आली

पायलचे हातपाय अधूनमधून दुखायचे. गुडघे, पाठ, कधी पोट. डोळ्यांत पिवळी झाक. मठाचं उत्तर होतं ‘मागचं कर्म’ आणि उपाय होता आणखी एक उपवास.

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची साधी सोल्युबिलिटी चाचणी झाली आणि ती दोषी, म्हणजे पॉझिटिव्ह आली. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी ग्रामीण रुग्णालयामार्फत झाली. अहवाल ‘एसएस’, म्हणजे पीडित. आई-वडील दोघेही ‘एएस’, म्हणजे वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात मूल पीडित असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही. पण पंथातल्या घरांत तो नावाने कोणी ओळखत नव्हतं.

डॉक्टरने पंथाविषयी एक शब्द काढला नाही. पायलचा दिवस कसा जातो एवढंच विचारलं. पहाटे थंड पाणी आणि आठवड्यातून एक दिवस पाण्याशिवाय, हे ऐकल्यावर त्यांनी सांगितलं की अंगातलं पाणी कमी होणं आणि थंडी बसणं, दोन्हींनी तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदना उठतात. रोज फॉलिक ॲसिड, डॉक्टरच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, वेळोवेळी रक्ततपासणी, दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी, थंडीत अंग झाकणं. ताप १०१ अंश फॅरेनहाइटवर गेला किंवा छातीत दुखून दम लागला तर घरी थांबायचं नाही.

सुनंदाने घरी येऊन भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. पायलची दुखणी ती आधीपासून त्यावर टिंबाने मांडत होती, कारण शाळेत गैरहजेरीचं कारण सांगावं लागे. उपवासाचे दिवसही त्यावर होतेच. वर्षभरातल्या मोठ्या नऊ दुखण्यांपैकी सात उपवासाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची निघाली. बहुतेक कार्तिक ते माघ या थंडीच्या महिन्यांतली.

हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा टप्पा. तिला कोणी पटवलं नाही. तिच्याच हाताची टिंबं होती, आणि ती चूकवहीत नव्हती.

पहिला प्रयत्न : सूट मागणं

ती सरळ मार्गाने गेली. प्रमुखाकडे जाऊन पायलला उपवास आणि थंड अंघोळीतून सूट मागितली. ही मागणी चूक नव्हती. संस्था नियम बदलायला तयार आहे का, हे तपासण्याची ती सगळ्यात स्वस्त कसोटी असते. कित्येक मठ-मंडळांत लेकराच्या आजारासाठी सूट एका शब्दात मिळते आणि गोष्ट तिथेच संपते.

इथे सूट मिळाली, पण अटींवर. सात अमावास्या आईने दुप्पट सेवा करायची. गोळ्या मठात ठेवायच्या आणि प्रमुखाच्या हातून घ्यायच्या. रविवारी सर्वांसमोर ‘माझ्या मनात संशय आला’ असं वाचायचं. सुनंदाने तिन्ही मान्य केलं. पंधरा दिवसांत गोळ्यांत चार दिवसांचा खंड पडला, कारण प्रमुख बाहेरगावी गेले होते.

त्याच आठवड्यात तिने कालनिर्णयाची गोष्ट जवळच्या मैत्रिणीला सांगितली. रविवारी ती मैत्रिणीच्या वहीत होती. त्यानंतर देवरावला वेगळं बोलावून ‘घरातल्या बाईला आवर’ असं सांगितलं गेलं आणि सासऱ्यांना दोन एकर मठाला बक्षीसपत्राने देण्याची आठवण करून दिली गेली. दान दिलं की कर्म फिटतं.

देवरावने कालनिर्णय पाहिलं, पण तो महिनाभर काहीच बोलला नाही. मग एका रात्री म्हणाला, “मले समजते सगळं. पण सोडलं अन् पोरीले काही झालं, तर मी कोनाले तोंड दाखवू?”

डोक्याला पटतं आणि छातीला पटत नाही, असा हा काळ महिनोन्महिने चालू शकतो. त्याला भित्रेपणा म्हणणं चुकीचं ठरेल. वीस वर्षं रोज पहाटे ऐकलेली गोष्ट एका तक्त्याने जात नाही.

समोर असलेले पर्याय

एक, आहे तसं राहायचं आणि पायलला गुपचूप पाणी पाजायचं. सुनंदाने हे थोडे दिवस केलं. पण अकरा वर्षांच्या मुलीला दर रविवारी वहीसमोर खोटं बोलायला लावणं तिला झेपेना. पायल स्वतःच घाबरून पाणी नाकारू लागली.

दोन, सुनंदाने मुलांना घेऊन माहेरी जायचं. हा मार्ग वेगवान होता आणि जीवाला धोका असता तर तोच योग्य ठरला असता. तशा वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आधी, बाकी सगळं नंतर. इथे मारहाण नव्हती, नवरा अर्धा सोबत होता. ती निघून गेली असती तर देवराव पूर्णपणे मठाच्या हातात राहिला असता आणि दीड एकराचंही काही खरं नव्हतं.

तीन, लगेच पोलीस तक्रार. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा तिला माहीत होता. पण त्याच्या अनुसूचीत उपचारापासून रोखण्याचा जो स्पष्ट उल्लेख आहे तो कुत्रा, साप, विंचू चावल्यावर मंत्र-तंत्राने उपचार करण्याबद्दलचा. उपवासाने सिकलसेलची वेदना वाढली, हे त्यात सरळ बसवणं कठीण. बाकी कलमांसाठी चमत्काराचा दावा, फसवणूक, दहशत दाखवावी लागते. तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांनी हे पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं आणि ते बरं झालं. कमकुवत तक्रार फेटाळली गेली की समोरच्याला ‘आम्ही निर्दोष’ असा कागद मिळतो. ही मदत मोफत होती. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. मदतवाहिनी १५१००.

चार, हंगामाचा हिशेब धरून, एकेक दोरा आधी सोडवून, शेवटी सांगायचं. दोघांनी हा निवडला.

तयारी : साडेतीन महिने

मुहूर्त ठरला गुढीपाडव्याच्या आसपासचा. कारणं व्यवहाराची होती. तोवर कापूस आणि तूर घरात येते, सालदारांचे करार याच सुमारास बदलतात, जूनच्या बियाण्याचं खातं अजून उघडलेलं नसतं, आणि थंडी सरलेली असते. हे शेवटचं कारण सुनंदाचं. सोडल्यावर पंधरा दिवसांत पायलला मोठं दुखणं आलं तर ‘शाप लागला’ हे सांगायला बाहेरच्या कोणाची गरज नव्हती, देवरावच्याच मनात ते उमटलं असतं. म्हणून औषध नीट सुरू होऊन दोन-तीन महिने होणं आणि त्यानंतर जाहीर करणं हा क्रम ठेवला. गोळ्या आता आशाताईंकडे, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेकडे राहायच्या. पायल शाळेत जाताना घ्यायची.

कागदपत्रं परत मिळवताना वाद टाळला. रेशनच्या ई-केवायसीसाठी आधार लागतं, हे कारण खरंही होतं. त्यावर आधार आणि रेशनकार्ड सुटलं. जातीचा दाखला मागितला नाही, सेतू केंद्रातून दुसरी प्रत काढली. सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो, त्यामुळे कपाटातल्या नकलेला किंमतच उरली नाही. मूळ कागदांसाठी भांडण करण्याआधी कोणता कागद पुन्हा निघू शकतो याची यादी करावी. बहुतेक निघतात.

बँकेचा नंबर बदलायला देवरावला शाखेत स्वतः जावं लागलं. तोपर्यंत खात्यातला प्रत्येक संदेश सेवकाच्या फोनवर जात होता, म्हणजे कापसाचे पैसे कधी आले हे मठाला देवरावच्या आधी कळायचं. नंबर बदलल्याबरोबर यूपीआय पिन बदलला आणि व्हॉट्सॲपमधली ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहिली. तिथे एक अनोळखी संगणक जोडलेला निघाला. तो काढण्याआधी पडद्याचा फोटो घेतला.

मठाच्या भांडाराची उधारी ३४ हजार होती. ती तूर विकून फेडली, पण रोखीने नाही, बँकेतून. आणि ‘खातं निरंक’ असं भांडाराच्या शिक्क्यासह लिहून घेतलं. ही पावती नंतर सगळ्यात जास्त कामाला आली. पुढच्या बियाण्यासाठी देवरावने गावच्या सेवा सहकारी सोसायटीतून पीक कर्जाचा अर्ज केला. मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंत व्याजाचा भार पडत नाही. दहावा हिस्सा देऊन उधारीवर बियाणं घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त, पण आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

जमिनीचं काम नाजूक होतं, कारण सासरे त्यात होते. चार एकर वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित, यावर सगळं अवलंबून होतं. त्यासाठी १९५४-५५च्या अधिकार अभिलेखाची नक्कल आणि त्यानंतरचे फेरफार काढले. जमीन आजोबांकडून आलेली निघाली. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन एकट्याने वाटेल तशी बक्षीस देता येत नाही. मात्र धर्मकार्यासाठी वाजवी एवढा छोटा भाग कुटुंबाचा कर्ता देऊ शकतो, असं न्यायालयांनी मानलेलं आहे, आणि मठाचा वकील त्याच वाटेने गेला असता. म्हणून सासऱ्यांवर दावा ठोकण्याऐवजी त्यांच्याशी घरातच बोलायचं ठरलं. बक्षीसपत्र झालंच तर त्याच्या फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. म्हणून सुनंदा दर सोमवारी ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर गावचे प्रलंबित फेरफार पाहू लागली.

मयतीचा प्रश्नही तिने कागदावर मांडला. पंथाबाहेरची कोणती माणसं रात्री-अपरात्री येतील? सात नावं निघाली. दोन गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेतली, दोन मामेभाऊ, एक शाळेतले शिक्षक, दोन शेजारी. देवरावच्या मते या यादीने त्याची झोप परत आणली. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल.

सांगण्याचा दिवस

ठरलं होतं एक वाक्य : ‘आम्ही पाडव्यापासून मठात येणार नाही, उधारी फिटलेली आहे, रामराम.’ कारण द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, सही करायची नाही, सोबत बाहेरचा एक माणूस ठेवायचा, आणि हे मठात जाऊन नाही तर आपल्या अंगणात सांगायचं.

प्रत्यक्षात देवराव एकटाच मठात गेला. इतक्या वर्षांच्या माणसांना असं दारातून सांगणं त्याला बरं वाटेना. दोन तास बोलणं झालं. प्रश्नातून प्रश्न निघाला, आणि शेवटी चिडून तो म्हणाला की पंथाच्या महाराजांना सिकलसेल म्हणजे काय ते तरी माहीत आहे का. कोणीतरी चित्रण करत होतं. संध्याकाळपर्यंत तेवढंच वाक्य चाळीस घरांच्या फोनवर गेलं, आणि ‘सोडून गेला’ऐवजी ‘महाराजांची निंदा केली’ हे प्रकरण झालं.

सौजन्य चुकीचं नव्हतं, जागा चुकली. समोरच्याचं ऐकून घ्यायचंच असेल तर तेही आपल्या अंगणात, साक्षीदारासमोर आणि अर्ध्या तासात.

पुढचे आठवडे

दुसऱ्या दिवसापासून चक्कीवाल्याने दळण घेतलं नाही. ठरलेल्या मजूर बाया आल्या नाहीत. पांदण रस्त्यावर, देवरावच्या वावराकडे वळण्याच्या जागी, एकाने काट्या टाकल्या आणि वर मोडकी बैलगाडी उभी केली. थोरल्या भावाने अंगणाच्या मधोमध तुराट्यांचा ताटवा उभा केला. ओमला शाळेत पंगतीला बाजूला बसवलं गेलं, पण ते मुलांनी केलं होतं आणि शिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी थांबवलं.

सुनंदाने साधी वही घातली : तारीख, वेळ, कोण, काय शब्द, कोण साक्षीला. भावना लिहिल्या नाहीत. तिला वहीचा राग होता, तरी ही वही तिने घातली.

पाचव्या आठवड्यात, चैत्राच्या उन्हात, पायलला दुखणं आलं. शाळेच्या सहलीत पाणी कमी पडलं होतं. देवरावचा चेहरा पडला. “म्हाराजाचं खरं झालं,” एवढंच तो म्हणाला. पण दवाखान्याची चिठ्ठी भिंतीला लावलेली होती, गाडीवाल्याचा नंबर ठरलेला होता, पहाटे तीनला निघून साडेचारला रुग्णालयात. सलाइन, वेदनाशामक, चार दिवस भरती. डॉक्टरने देवरावला बसवून तेच कालनिर्णय समोर ठेवायला सांगितलं. औषध नीट सुरू झाल्यापासूनच्या महिन्यांत हे पहिलंच मोठं दुखणं होतं.

इथे एक सावधगिरी लिहून ठेवायला हवी. पायलची दुखणी कमी झाली ती औषधाने, पाण्याने, उबेने. ‘पंथ सोडला म्हणून पोरगी बरी झाली’ असं काही नातेवाईक सांगू लागले होते. ते शापाच्या गोष्टीचंच उलटं टोक आहे, आणि पुढचं दुखणं आलं की तेच अंगावर येतं. आजार आयुष्यभराचा आहे.

देवरावला पहाटे चारला जाग येणं, छाती धडधडणं, हजेरी चुकल्याची भीती हे दोन-तीन महिने चाललं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर त्याचं तीनदा बोलणं झालं. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सुनंदाचा प्रश्न वेगळा होता : आता दिवा लावायचा की नाही? तिने लावला. लहानपणापासूनचा विठोबा तिने ठेवला, पंथाचा फोटो कापडात गुंडाळून सासऱ्यांच्या खोलीत ठेवला. फेकला नाही. पंथ सोडणाऱ्याने देवही सोडावा अशी घाई बाहेरच्यांना असते, घरच्यांना नसते.

कायद्याचा वापर

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि जामीनपात्र. त्याआधी मुंबई राज्याने १९४९ मध्ये धर्मबहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. जुन्या वकिलांच्या तोंडी अजूनही ‘असे कायदे टिकत नाहीत’ हे वाक्य येतं, ते त्या निकालामुळे. २०१६चा कायदा वेगळा आहे.

अडचण पुराव्याची असते. एखाद्या शेजाऱ्याने आपणहून बोलणं टाकलं तर तो गुन्हा नाही. ‘याच्याशी व्यवहार करू नका’ असा सामूहिक हुकूम, आणि त्यातून सेवा नाकारली जाणं, हे दाखवावं लागतं. चक्कीवाल्याने एका बाईला ऐकवलेला प्रमुखाचा ध्वनिसंदेश तिच्याही फोनमध्ये होता. तिने तो सुनंदाला पाठवला. पंथात राहूनच पाठवला. तिचं नाव तक्रारीत घातलं नाही.

ठाण्यात पहिल्यांदा ‘हे आपसातलं आहे, तंटामुक्ती समितीकडे जा’ असं सांगितलं गेलं. दुसऱ्या वेळी वकिलांनी कायद्याची छापील प्रत, वहीची नक्कल, संदेशाची लेखी उतारप्रत आणि उधारी फिटल्याची पावती जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली. पावती महत्त्वाची, कारण मठाचं पहिलं उत्तर ‘पैसे बुडवून पळाले’ हेच होतं. ठाण्याने पुन्हा टाळलं असतं तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज तयार होता. तो लागला नाही. ठाणेदारांनी प्रमुखाला बोलावलं.

गुन्हा नोंदवायचा की लेखी हमी घ्यायची, हा निर्णय कुटुंबावर आला. सुनंदाला नोंदवायचा होता. देवराव म्हणाला, भाऊ त्यात अडकेल. हमी घेतली : व्यवहार अडवणार नाही, तसा संदेश पाठवणार नाही. त्याची एक प्रत ठाण्यात, एक घरी.

रस्त्यासाठी वेगळा अर्ज तहसीलदारांकडे गेला, मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५ खाली. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा लागतो. काळ्या मातीत पहिला पाऊस पडला की गाडी वावरात जात नाही, म्हणून ठाण्याच्या निकालाची वाट न पाहता दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात दिले. स्थळपाहणी झाली आणि सात आठवड्यांनी, मृगाच्या आधी, रस्ता मोकळा झाला.

निष्पत्ती

चक्की सुरू झाली. मजूर बाया पहिल्या वर्षी शेजारच्या गावातून आणाव्या लागल्या, ऑटोचं भाडं वरून. कापूस आधीपेक्षा कमी झाला, पण दहावा हिस्सा गेला नाही आणि बियाण्याची उधारी नव्हती, त्यामुळे हाती जवळपास तेवढंच उरलं. पायलची वर्षातली मोठी दुखणी नऊवरून तीनवर आली. ओमची तपासणी झाली. तो वाहक आहे, त्याला उपचार लागत नाहीत. पुढे त्याच्या लग्नाआधी मुलीचीही तपासणी करावी लागेल, एवढंच.

सासरे पंथात राहिले. बक्षीसपत्र झालं नाही. त्यांना कायदा सांगितला म्हणून नाही. सुनंदा एकदाच म्हणाली, “मामाजी, तुमची दारू मठानं सोडवली, थे मी कधीच इसरणार नाही. पण वावर पायलच्या औषधाचं आहे.” त्यांनी उत्तर दिलं नाही. दर रविवारी ते मठात जातात आणि संध्याकाळी पायलच्या गोळ्यांची आठवणही तेच करतात.

वेगळं काय करता आलं असतं

सूट मागण्याआधी औषध नीट सुरू व्हायला हवं होतं. मागणीने शंका उघड झाली आणि गोळ्या मठाच्या ताब्यात गेल्या. चार दिवसांचा खंड त्यातून आला.

मैत्रिणीला सांगणं टाळायला हवं होतं, हे सुनंदा स्वतः मान्य करते. पण चार महिने कोणाशीच न बोलता काढणं शक्य नसतं. ज्याला चूकवही लिहावी लागत नाही असा एक माणूस, शिक्षक, आशाताई, माहेरचा भाऊ, आधी ठरवून ठेवावा.

मुलांची तयारी कमी पडली. पायलला सगळं माहीत होतं, ओमला काहीच नाही. पंगतीत बाजूला बसवल्यावर त्याला वाटलं त्यानेच काहीतरी केलं. त्याच्या वयाला पुरेल एवढं, ‘आपण आता तिथे जात नाही, काही जण रागावतील, तुझी चूक नाही’, आदल्या रात्री सांगता आलं असतं.

लेखी हमी की गुन्हा, यावर मत एक नाही. हमीने भाऊ वाचला, गावात तणाव कमी राहिला. पण हमी मोडली तर पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि पंथातून निघू पाहणाऱ्या दुसऱ्या घराला त्याचा काही उपयोग नाही. वकिलांच्या मते ध्वनिसंदेशासारखा पुरावा हाती असताना नोंद करायला हवी होती. पण तो संदेश पाठवणाऱ्या बाईचं नाव न घेता गुन्हा पुढे नेणं कठीण होतं आणि ती अजून पंथात आहे, हेही त्याच वजनाचं.

थोरल्या भावाशी आधी बोलायचं की नंतर, याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. आधी सांगितलं असतं तर रविवारच्या वहीत गेलं असतं. नंतर सांगितल्यामुळे अंगणात ताटवा उभा राहिला. देवराव वाहक आहे, म्हणजे सख्खा भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी तरी आहे, आणि भावाच्या धाकट्या मुलीचे गुडघे हिवाळ्यात दुखतात. तिची तपासणी झालेली नाही. शाळेत पथक येण्याची तारीख सुनंदाने ताटव्यापलीकडून जावेला सांगितली. जाऊ काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने ओमला विचारलं, तारीख कोणती म्हणाली होती रे तुझी माय.